अर्धी वाटी पाणी

"यात पाणी किती आहे?" रंभाने विचारलं.

मेडिकलवाला नविन गोंधळला. त्याने काउंटरवर प्रोटीनच्या तीन बाटल्या मांडल्या होत्या. "काकी, यात पाणी घालायचं नसतं. तयारच असते. झाकण उघडायचं नि प्यायचं."

"ते नाही रे. पोटात किती जाईल, ते सांग."

तिच्या नवऱ्याच्या, महादेवच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डहाणूला डायलिसिस. दिवसाला पाऊण लिटरच पाणी, त्यावर नाही. चहा, डाळ, गोळी गिळायचा घोटसुद्धा त्यातच. त्यात रक्तातलं प्रोटीन उतरलेलं आणि अन्नावरची वासना उडालेली. मासळीचा वास आला तरी तो तोंड फिरवायचा. म्हणून डॉक्टरांनी ही किडनीच्या पेशंटची बाटली लिहून दिली होती. पावडर स्वस्त पडली असती, पण ती घोळून देणार कोण? मुलगी भाविका लग्न होऊन वापीला गेलेली. रंभा सकाळी आठलाच चिखले गावाहून घोलवडच्या नर्सरीत जायची, चिकूची कलमं बांधायला. आणि महादेवचे हात असे थरथरायचे की चमच्यातलं निम्मं अंगावर सांडायचं.

नविनने लेबलं वाचली. "या दोन दोनशे एमएलच्या. ही छोटी सव्वाशेची. प्रोटीन जवळपास सारखंच. पण छोटी महाग आहे, नि खरं सांगू, चवीला कोणी चांगली म्हणत नाही."

रंभाने तिन्ही एकेक घेतल्या.

पहिल्या दिवशी व्हॅनिला. सव्वीस वर्षं चिकूचा टेम्पो चालवलेला महादेव एकेकाळी फार बोलका होता. तो एक घोट घेऊन म्हणाला, "खडू भिजत घातलाय यात."

दुसऱ्या दिवशीची केशर-बदामची मात्र त्याने तळापर्यंत प्यायली. ओठावरून जीभ फिरवली. "ही चांगली आहे गं. लग्नातल्या दुधासारखी."

कित्येक दिवसांनी तो कशाला तरी चांगलं म्हणाला होता. रंभा वळून भांडी लावू लागली, डोळे दिसू नयेत म्हणून.

छोटी तिसऱ्या दिवशी उघडली. घट्ट, कडवट. पहिल्याच घोटाला त्याचं तोंड वाकडं झालं.

"राहू द्या," रंभा म्हणाली. "केशरवालीच आणते."

महादेवने रिकाम्या होत आलेल्या तांब्याकडे पाहिलं. रोज सकाळी ती त्यात त्याचं दिवसाचं पाणी मोजून ठेवायची.

"छोटीच आण."

"अहो, घशाखाली उतरत नाही ती तुमच्या."

"उतरेल. नाक दाबून पिईन. अर्धी वाटी पाणी वाचतं ना तिच्यात."

मग छोटीच ठरली. वाचलेलं पाणी रंभा वाटीत वेगळं झाकून ठेवायची. संध्याकाळी तो ओट्यावर बसून ते एकेक घोट पुरवून प्यायचा. तेवढा वेळ कोणी बोललेलं त्याला खपायचं नाही.

दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये प्रोटीन थोडं चढलं. परीक्षेत पास झालेल्या मुलांसारखी दोघं घरी आली.

वैशाखातल्या एका संध्याकाळी वाटी संपल्यावर महादेव म्हणाला, "रंभे, एक घोट दे."

"उद्या डायलिसिस आहे. आजची रात्र काढा."

"एकच."

"अहो, पाणी छातीत चढलं तर मी एकटी काय करू?" तिने वाटी विसळून पालथी घातली. त्याने पुन्हा मागितलं नाही.

सकाळी डहाणूला जाताना रिक्षात त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. झोप लागली असेल म्हणून ती न हलता बसून राहिली.

हृदय थकलं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. रंभाने एवढंच विचारलं, "आदल्या दिवशी एक घोट जास्त दिला असता तर?"

ती स्वतःला दोष देतेय, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते हळूच म्हणाले, "एका घोटाने काही झालं नसतं, ताई."

तेराव्यानंतर भाविका वापीला परत गेली. घरात अकरा बाटल्या उरल्या होत्या. रंभाने त्या पिशवीत भरल्या आणि डहाणूला गेली.

डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर तलासरीकडची एक तरुण बाई बसली होती. जमना तिचं नाव. तिचा नवरा हाल्या आत होता. त्याची ही तिसरीच खेप. जमनाच्या हातात बाटलीची तशीच चिठ्ठी. रंभाने पिशवी तिच्यासमोर ठेवली.

"या घे. तारीख पुढची आहे. चवीला वाईट आहे, चार दिवस शिव्या देईल. गार कर, हलवून दे. पाणी वाचतं हिच्यात. केशरवाली मोठी येते, ती गोड लागते. त्याला दोन्ही चाखव, मग ठरव."

जमना लक्ष देऊन ऐकत होती.

"आणि हे बघ, बाय. मापाचं पाणी संपल्यावर त्याने एक घोट मागितला, तर दे. एकच. मी डॉक्टरांना विचारलंय."

"देईन." जमनाने पिशवीत डोकावून पाहिलं. "पण मावशी, तुमच्या माणसाला नको का या?"

"नाही. त्यांचं संपलं सगळं."

जमनाचा चेहरा एकदम उजळला. "खरं? म्हणजे सुटतात माणसं यातून?"

रंभाने तिच्याकडे पाहिलं. मग होकाराने मान हलवली.

बाटल्या जमनाच्या पिशवीत गेल्या. आत मशीनला अजून तीन तास होते आणि जमनाबरोबर कोणी आलेलं नव्हतं. रंभाने आपल्या रिकाम्या पिशवीची घडी केली आणि तिच्याशेजारी बाकावर बसली.