मुखियाचा बटाटा आणि गरिबांची बालवाडी

काल्बूबू इतर बायांबरोबर बटाट्याच्या सरीत वाकली होती आणि तिची तीन वर्षांची लेक बेगिमाय बांधावर गाडीच्या चाकाला दोरीनं बांधलेली होती. पलीकडं पाटाला पाणी होतं, मोकळी सोडायची सोय नव्हती. वावर मुखिया ओमुरझाकचं. डोंगरावर बर्फ खाली सरकत होतं; बटाटा गारठायच्या आत काढायला हवा होता.

सरकारनं गावात गरिबांच्या लेकरांसाठी फुकट बालवाडी काढली होती. तिथं मुखियाची नातवंडं होती, मेव्हण्याची पोरं होती, दुकानदाराची होती. उन्हाळ्यात काल्बूबू विचारायला गेली, तर तिथली बाई, म्हणजे मुखियाचीच सून चोल्पोनाय, नाकाला रुमाल लावून म्हणाली होती, "जागा न्हाई."

आज तीच सून उंच टाचांचे बूट चिखलात रुतवत बांधावर आली.

"उद्या समद्याजणी पोरं घेऊन या. शहरातनं सायब येनार हाईत."

"जागा झाली व्हय?" काल्बूबूनं विचारलं.

"एका दिसापुरती. आन् न्हाऊ घालू नगा. हाईत तशीच आना, गरीब दिसाया पायजेत."

ती गेली तशी शेजारच्या सरीतली म्हातारी उमसुनाय पचकन थुंकली. "बाजारात मेंढरू न्हेताना बी मानूस धुवून न्हेतो गं."

त्या संध्याकाळी घरोघरी पाणी तापलं. सकाळी लेकरं अशी लखलखीत उभी राहिली, की चोल्पोनायचं तोंड आंबलं. साहेबानं दोन गालांना हात लावला आणि मुखियाच्या घरी मटण खायला गेला. बेगिमाय मात्र दुधातली लापशी खाऊन खाटेवर गाढ झोपली. घ्यायला आलेली काल्बूबू ते बघत दारातच उभी राहिली.

"उद्यापास्नं नगा आनू," चोल्पोनाय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया लेकरं कडेवर घेऊन बालवाडीच्या दारात. दार बंद. बायाही हलेनात. ऊन वर आलं तसा मुखिया गाडी घेऊन धावत आला.

"वावरात कुनी न्हाई. दंव गोठाया लागलंय, बटाटा कोन काढनार?"

"काढतो की, मुखिया आके," काल्बूबू म्हणाली. "पोरं आत गेली की निघालोच."

"बालवाडी तुज्या बापाची हाय का?"

"न्हाई. तुमच्या बी न्हाई. गरिबांची हाय म्हनं."

मुखियानं डोंगराकडं बघितलं, मग सुनेकडं. "घे आत."

"आन् आपली कुटं झोपवू, मामंजी?"

"आपली घरी ने. घरात तुला काय काम असतंय?"

सून लाल होऊन आपली पोरं ओढत निघाली आणि आतल्या आयाबाईनं बायांची लेकरं आत घेतली. मुखिया मोठ्यानं म्हणाला, "गरिबांची दया येती मला."

कुणी त्याच्याकडं बघितलंही नाही.

वावरात उमसुनाय म्हणाली, "बटाटा संपला की पोरांना काढील भाईर."

"काढू दे की," काल्बूबू सरीत कुदळ घालत म्हणाली. "मग बीट हाय, मग मेंढ्यांची कातरनी हाय. त्या घरात कुनाला येक काम तरी सोताच्या हातानं येतं व्हय, आपा?"