यंत्रनाथ आणि आखूड खाच

कोंढ्याला हेमराजच्या अंगणात त्या गुरुवारी सकाळीच चपलांचा ढीग साचला होता. ओसरीवर पिवळ्या वस्त्राखाली देव नव्हता, संगणकाची पेटी होती. हेमराजच्या आईने, मनकर्णाबाईंनी, तिला हळदकुंकू वाहिले होते आणि समोर यंत्रनाथ महाराज डोळे मिटून बसले होते.

हेमराजची धाकटी बहीण कामिनी दाराशी उभी होती. झाडीपट्टीतल्या नाटकांच्या जाहिराती आणि लग्नांच्या चित्रफिती ती याच संगणकावर करी. शनिवारपर्यंत दोन मिनिटांची फीत नागपूरच्या एका स्टुडिओला पाठवायची होती. पसंत पडली तर नोकरी, नाही तर मार्गशीर्षात लग्न, असे आईने बजावले होते. संगणक मंद, म्हणून हेमराजने नवे ग्राफिक्स कार्ड आणले. ते आत बसेना. “कार्ड ज्यात बसते तो मदरबोर्ड आधी पाहू,” असे कामिनी म्हणाली. भावाने महाराजांना बोलावले.

“या यंत्रात,” महाराज गरजले, “पगार अडकून मेलेल्या बाबूचा आत्मा आहे! हा संगणक कचेरीच्या लिलावातून घेतला ना?”

“हो जी महाराज!” हेमराजने हात जोडले. वस्त्र जिथे सरकले होते तिथे लिलावाची चिठ्ठी पेटीवर महाराजांच्या नाकासमोरच चिकटलेली होती, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही.

मग झोळी मांडीवर घेऊन महाराजांनी कार्डासह दोन्ही हात वस्त्राखाली घातले. “ॐ ह्रीं मेगाबाइट फट् स्वाहा!” कोणत्याही वेदाने जे आपले म्हणून ओळखले नसते, असे ते अक्षरांचे कडबोळे ऐकून मंडळींनी माना लववल्या. झाकण लागले, वस्त्र दूर झाले आणि पेटीभोवती लाल धागा आवळला गेला. “चाळीस दिवसांत हा तुटला, तर घरचा कर्ता जाईल!”

कळ दाबताच जाळीआड तांबडा दिवा लागला, पंखा गरगरला. महाराजांनी आपला पेनड्राइव्ह खोचला आणि पडद्यावर मोर नाचू लागला.

“व माय!” बाया ओरडल्या.

कामिनी कामाला बसली. घटकाभरात तिची फीत पूर्वीसारखीच अडकली.

“पोरीच्या हातानं शक्ती बाटली,” महाराज म्हणाले. “हिले दूर ठेव.”

हेमराजने तिला मनगट धरून ओढले आणि अंगणात ढकलले. कोणी म्हणाले, “नोकरी करते म्हणे! आधी हात तं धुऊन ये वं!” सगळे हसले. आईने तोंड फिरवले.

शाळेत चाळीस वर्षे संस्कृत शिकवलेले वासुदेवराव गुरुजी तेवढे हसले नाहीत. “महाराज, मोर आधीच तयार होता. तो माझ्या मोबाइलवरही नाचेल. कामिनीची फीत अजून घडायची आहे, आणि ती काही घडत नाही. सगळ्या प्रमाणांत पहिले प्रमाण प्रत्यक्ष. पेटी उघडा.”

“कर्ता मरंल!” महाराज ओरडले.

कामिनी विळा घेऊन ओसरीवर चढली. “माह्या हातानं बाटलंच आहे, आता अजून काय बाटन?” तिने धागा कापला.

आत एका मेलेल्या कार्डाचे टरफल सुतळीने बांधलेले होते. त्याच्या पंख्याला आणि दिव्याला पेटीतूनच वीज जोडली होती. मदरबोर्डाची खाच रिकामी होती; चित्र बोर्डाच्या स्वतःच्या शक्तीने येत होते. नवे कार्ड महाराजांच्या झोळीत सापडले.

ज्यांनी पाय धरले होते, त्यांच्याच चपला मग महाराजांच्या टाळक्यावर बसल्या. दात पडला तेव्हा टाळ्या वाजल्या. गुरुजींनी कसेबसे सोडवून त्यांना पोलिसांच्या हवाली केले.

कामिनीने कार्ड खाचेशेजारी धरले. “दादा, हे पाह्य. कार्डाची पट्टी बोटभर, खाच एका पेराची. हे या बोर्डात बसतच नाही. बोर्डाचा नंबर पाहून पुस्तिका वाचली असती तं आणायच्या आधीच समजलं असतं. आता राहू दे. हा हळू चालते, पण चालू ठेवला तं शनिवारपर्यंत फीत निघते.”

“काय गा हेमराज,” मागून आवाज आला, “लग्नात छत्तीस गुण मोजले, अन् कार्डाचा एक नाही पाह्यला?”

पुन्हा हशा उसळला. हेमराजचे कान लाल झाले. “तू मले शिकवून राहिली का? जोर लावला का सारं बसते!”

“दादा, नको!”

त्याने तळहाताने कार्ड दाबले. काहीतरी कटकन मोडले. त्याने कळ दाबली. जळका वास आला आणि पडदा काळा झाला, तो पुन्हा उजळला नाही.

दोन दिवसांत दुसरा संगणक मिळाला नाही. मार्गशीर्षात कामिनीचे लग्न झाले. जेवणाची सर्वांनी स्तुती केली.

सुज्ञहो, महाराजाने फक्त कार्ड चोरले होते. संगणक मारला तो हेमराजने, आणि तेही मंत्रावाचून. भोंदू पकडला म्हणजे विवेक आला, असे समजू नका. वस्तू हाती घेण्यापूर्वी तिची जागा पाहा, मोजा, लिहिलेले वाचा. आणि ज्याने पाहिले आहे त्याचे ऐका, मग ती घरातली धाकटी मुलगी का असेना.