टाकीतलं रक्त

हितेशच्या टाकीत रक्त उतरलं, ही बातमी रोह्याच्या त्या आळीत सकाळच्या चहाआधी पोचली. ओट्यावर चपलांचा ढीग पडला. हितेश धाटावच्या कंपनीत कामाला. हौसेनं त्यानं घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली होती, त्यात समुद्रातले नारिंगी मासे. आता तिच्या वाळूवर, दगडांवर लालभडक साय पसरली होती. बायका हात जोडून उभ्या होत्या. हितेशची आई सगुणा मात्र सुनेच्या पोटाकडं बघत होती. नमिताला सातवा महिना लागला होता.

"दर्या कोपलाय," धरमतरहून आलेले सागरबुवा गरजले. "दर्याची लेकरं तुम्ही काचेत कोंडलीत. आता दर्या तुमचं लेकरू मागतोय!"

सगुणानं त्यांचे पाय धरले.

बुवांनी टाकीवर जाड काळं कापड टाकलं, "खारं खारं फट् फट्" असं काहीसं पुटपुटले आणि बजावलं, "मी येईपर्यंत कुणी उघडायचं नाय!" काही दिवसांनी येऊन त्यांनी कापड ओढलं, तर रक्त गायब! आळीभर जयजयकार झाला. पुढं रोज टाकीत चमचाभर दूध आणि चिमूटभर भात वाहायचा हुकूम सुटला.

सगुणा नेमानं वाहू लागली. पण लाली परत आली, पहिल्यापेक्षा दाट. एक मासा उलटा होऊन तरंगला. नमिता जरा कण्हली तरी सगुणा धावत येई.

या खेपेला बुवांनी टाकीतलंच पाणी पेल्यात भरलं. "हे सुनेला पाजा. आणि दवाखान्यात नेऊ नका. सुई टोचली की दर्या खवळंल."

"आई, मी नाय पिणार," नमिता भिंतीला टेकली. "वास तरी बघा त्याचा."

सगुणाला बाळ वाचवायचं होतं. तिनं पेला सुनेच्या ओठांपाशी नेला, तोच कुजक्या चिखलाचा भपका तिच्या नाकात गेला. तिनं पेला मागं घेतला.

"बुवा," ती कशीबशी म्हणाली, "आधी तुम्ही दोन घोट घ्या."

"मी? मला आज... निर्जळी उपास हाय."

"मघाशी चहा घेतलात की," नमिता म्हणाली.

"बाळ हातचं जाईल तेव्हा आठवण काढाल!" असा शाप देत बुवा निघाले. सगुणा दारातच खाली बसली. आपणच बाळाचा घात केला का?

नमितानं स्वतःला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या हफ्साबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी लाल साय बोटानं खरवडून पाहिली.

"काकी, हे रक्त नाय. पाण्यात वाढणारे लाल जिवाणू हायत. उजेड आणि पाण्यातलं खरकटं यांवर पोसतात. कापडानं अंधार केला, म्हणून मेले."

"मग परत का आले?"

"त्यांचं खाणं पाण्यातच राहिलं होतं. वर दूधभात घातलात."

सगुणाला पटेना. नुसत्या बोलण्यानं भीती थोडीच जाते? मग हफ्साबाईंनी दोन बरण्यांत टाकीतलं पाणी आणि लाल साय घेतली. एक खिडकीत ठेवली, दुसरी काळ्या कापडात गुंडाळली. मंत्र नाही, कापूर नाही. काही दिवसांनी साऱ्या आळीसमोर कापड सोडलं. आतली साय विरून गेली होती, खिडकीतली लालच होती.

"दर्या काय एकाच बरणीवर कोपला होता?" हफ्साबाईंनी विचारलं.

त्यांच्या सांगण्यावरून हितेशनं पनवेलच्या दुकानातून समुद्री शेवाळ आणलं, हिरव्या दोऱ्यांचा गुंताच. टाकीचंच पाणी खेळणाऱ्या मागच्या कप्प्यात दिव्याखाली ठेवलं. माशांच्या घाणीतून पाण्यात उतरणारं खत ते शोषून घेई. वाढलं की मूठभर काढून टाकायचं, म्हणजे त्याच्यासोबत खतही बाहेर. दूधभात तर बंदच झाला होता. लाल सायीची उपासमार झाली आणि हळूहळू वाळू पांढरी दिसू लागली.

नमिताला दवाखान्यात सुई टोचली तेव्हा सगुणानं भीतीनं डोळे मिटून घेतले होते. पण खवळलं कुणीच नाही. पुढं पेणच्या दवाखान्यात नमिताला मुलगी झाली, चांगली धडधाकट.

एक दिवस शेजारची सरू दबकत आली. "पोराला ताप हाय, गो. बुवांना बोलवू?"

सगुणा ताडकन उठली. "मी पण लय घाबरलेली, गो. म्हणूनच हातात पेला धरला होता. घाबरलं तरी विचारायचं सोडू नको. विचारल्यानं देव कोपत नाय, बुवाच कोपतो. चल, पोराला आधी दवाखान्यात नेऊ."