अण्णाजींच्या घराला गिऱ्हाईक

बोरगाव मेघेतलं आपलं घर विकायला काढल्यापासून अण्णाजींनी चार गिऱ्हाइकं पळवून लावली होती, आणि तीही एक शब्द खोटा न बोलता. पहिल्याला त्यांनी मधल्या खोलीतली ओल दाखवली. दुसऱ्याला हाताला धरून गच्चीवर नेलं आणि पाणी कुठपर्यंत साचतं ते खडूनं आखून दिलं. तिसऱ्याला सांगितलं, की मागचं दार पावसाळ्यात फुगतं, ते दिवाळीपर्यंत लाथ मारूनच उघडावं लागतं. चौथा तर चहा यायच्या आतच उठला.

अण्णाजी जातिवंत गवंडी. चाळीस वर्षांत अर्ध्या बोरगावच्या भिंती त्यांनी उभ्या केल्या होत्या. स्वतःचं घर मात्र रविवारी-रविवारी बांधलं, आठवडाभर दमलेल्या हातांनी. त्यामुळे त्यातला एकेक दोष त्यांना तोंडपाठ होता.

"इतकं खरं तं हे माझ्यासंग बी कधी बोलले नाई," त्यांची बायको रुख्माबाई फोनवर भाचीला सांगत होती. "मले सिंदीले जाचं हाये. चव्वेचाळीस वर्षं यायच्या गावात राह्यली, आता उरलेली माझ्या गावात राहीन म्हनलं. हो म्हनले. काऊन म्हनले ते आता समजलं. घर विकलंच जानार नाई, हे त्यायले पक्कं माहीत होतं."

भाची म्हणजे अंकिता, अण्णाजींच्या बहिणीची मुलगी. वर्ध्यातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने घ्यायची. कॉलेजची तीन वर्षं तिनं मामाच्याच मागच्या खोलीत काढली होती, आणि आता नवऱ्यासोबत सहा वर्षं भाड्याच्या घरात. फोन ठेवला तसं ती मुकेशला म्हणाली, "मामाचं घर आपणच घेऊ."

"नात्यात व्यवहार?" मुकेश दचकला. "आणि तिथं ओल येते म्हणत होतीस ना?"

"येते ना. पण कुठं येते ते मले माहीत आहे."

रविवारी ती गेली तेव्हा अण्णाजी इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभे होते. जिला लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलं, तिला ते म्हणाले, "या. व्यवहाराले आल्या, तं व्यवहारासारखं पाहून घ्या."

अंकितानंही चेहरा गंभीर केला. "दाखवा."

"हा हॉल."

"अच्छा."

"हे सैपाकघर. उन्हाळ्यात पुरी भट्टी होते."

"खिडकी उघडली की नाई होत. पण मांजर येते म्हणून मामी उघडू देत नाई."

आत भांड्यांचा आवाज जरा मोठा झाला. अण्णाजींनी मोर्चा मधल्या खोलीकडे वळवला आणि भिंतीवर थाप मारली. "इथं ओल येते. लय येते. चार महिने भिंत रडते म्हना ना."

"त्या कोपऱ्यात निळी बकेट ठेवायची. तीन वर्षं मीच ठेवत होती."

गच्चीवर गेल्यावर त्यांनी उलट झालेला उतार दाखवला. अंकिता म्हणाली, की तिथंच पाणी भरून पाय बुडवून ती परीक्षेचा अभ्यास करायची. अण्णाजींनी कपाळ खाजवलं. मग शेजारच्या घराकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "तो लखन भजनी मंडळात हाये. पहाटे साडेचारले पेटी घेऊन बसते. झोपच नाई येत."

"आमच्याकडं अलार्म लावूनही मुकेश उठत नाई, मामा. बरंच होईल."

अण्णाजींजवळचे दोष संपले. ते खाली आले आणि खुर्चीत बसून पंख्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात रुख्माबाईंनी स्वयंपाकघरातूनच भाव सांगितला. अंकितानं हो म्हटलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"काऊन वं," अण्णाजी ताडकन उठले, "भाव तं मले सांगू देशील!"

"तुमी दोष सांगतले ना? भाव मी सांगतला. झालं."

एप्रिलमध्ये, ऐन उन्हात, रजिस्ट्रीचा दिवस ठरला. ऑफिसात नंबर आला तेव्हा अण्णाजींनी एक खिसा चाचपला, मग दुसरा, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आधार कार्ड घरीच राह्यलं वाटते."

रुख्माबाईंनी पिशवीतून कार्ड काढलं. त्याच्यासोबत तीन झेरॉक्सही.

मग अंगठ्याची वेळ आली. अण्णाजींनी मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. चौथ्या वेळी ते अंकिताकडे वळले, अगदी विजयी मुद्रेनं. "पाह्य! मशीनच नाई म्हनते."

खिडकीतल्या बाबूनं त्यांचा हात उलटा करून पाहिला. "काका, सिमेंटचं काम केलं का?"

"चाळीस वर्षं."

"मग रेषा घासून जातात. दुसरं बोट पाहू. पुसून घ्या जरा."

अंकिता रुमाल शोधू लागली, पण त्याआधीच रुख्माबाई पुढे झाल्या. त्यांनी पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यानं भिजवलं, नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला आणि भरल्या ऑफिसात त्यांचं एकेक बोट पुसलं. लहान पोराचं पुसावं तसं, सावकाश. वरून फुंकरही घातली. अण्णाजी फरशीकडे पाहत उभे राहिले. मधलं बोट ठेवलं आणि हिरवा दिवा लागला.

बाहेर आल्यावर रुख्माबाई मुकेशला घेऊन उसाचा रस आणायला गेल्या. अण्णाजी कडुलिंबाखाली अंकिताजवळ उभे होते. ते एकदम म्हणाले, "तिथं सिंदीत मले कोनी ओळखत नाई वं. इथं चौकात उभा राह्यलो तं दहा जन आवाज देतात. तिथं मी कोन?"

महिनाभर अंकिता मामाला हसत आली होती. आता मात्र ती म्हणाली, "एक चाबी तुमच्याजवळ ठेवा, मामा."

"नोको," ते म्हणाले. "ठेवली तं मी रोज येईन."

ते थट्टा करत नव्हते, हे तिला कळलं. तिनं चाबी पर्समध्ये टाकली, पण त्या रात्री नव्या घराचा आनंद काही नीट झाला नाही.

सिंदीला जाऊन महिना झाला तरी अण्णाजींचा फोन नाही. अधिक महिना लागला होता. वास्तुशांती आता पुढे ढकलावी लागणार, पण साधं जेवायला तरी बोलवावं, म्हणून अंकितानंच फोन लावला. मनात धाकधूक होती.

रुख्माबाईंनी उचलला आणि आधी हसूनच घेतलं. "त्यायले वेळ कुठं हाये? अवं, हा धोंड्याचा महिना. गावचे सारे जवाई पुन्याले नाईतर हैदराबादले. कोनालेच सुटी नाई. जवाई जेवू घालाचा तं घालाचा कोनाले? माझ्या बहिनीनं, अनुसयानं, साऱ्या आळीले सांगून ठेवलं, का आमच्या गावचा एक जवाई इथंच हाये, पक्का मुक्कामाले."

"मग?"

"मग काय, पाच घरं झाली. दोन टोप्या, तीन शर्टपीस. आता रस्त्यानं निघाले का लेकरं बी जवाईबुवा म्हनून आवाज देतात. घे, बोल."

अण्णाजींचा आवाज भरल्या पोटाचा होता. "अंकिता, रविवारी नाई जमत. रविवारी गंगाबाईकडं धोंडे हायेत."

"मामा, तुमची शुगर?"

"तू रक्त काढनारी, तुले तेच दिसन."

"बरं, मग सोमवारी या."

"सोमवारी दोन घरं हायेत," असं म्हणून अण्णाजींनी फोन ठेवून दिला.