क्लिओफसच्या आधीचा ठेका

तळघरातून वर येणाऱ्या ठेक्याची अर्नेस्टीनला सवय झाली होती. नातू ट्रेमेन दिवसभर खाली जुन्या रेकॉर्डी लावायचा, त्यातला चिमूटभर तुकडा आपल्या बटणांच्या पेटीत भरायचा आणि तोच तोच फिरवत ठेवायचा. त्यावर त्याचे मित्र यमकं जुळवून म्हणायचे. क्वीन्सच्या त्या गल्लीत तेव्हा घरोघरी हेच चाललेलं असे. पण त्या दिवशी कोलार्डच्या भाजीची पानं धुता धुता तिचे हात पाण्यातच राहिले. ड्रमवरची काठी किंचित उशिरा पडत होती, आणि तुकडा संपता संपता कुणीतरी नाकाने दम भरून घेत होतं.

तो दम तिच्या भावाचा होता.

ट्रंपेट ओठाला लावण्याआधी क्लिओफस असाच दम घ्यायचा, लहानपणी मोडलेल्या नाकातून, शीळ घातल्यासारखा. "उकळली माझी किटली!" म्हणून आई हसायची. बिचाऱ्याने जन्मभर दुसऱ्यांच्या पाठीमागे उभं राहून वाजवलं. फक्त एका रेकॉर्डमध्ये, ड्रम एकटाच वाजून झाला की पुढे तो एकटा वाजवत होता, अगदी मनसोक्त. कव्हरवर त्याचं नावसुद्धा नव्हतं. तो गेला, आणि पुढे ब्रॉंक्समधलं घर जळालं त्यात तिच्याकडची रेकॉर्डही गेली. काढणारी कंपनी कधीच बुडाली होती.

ओल्या हातांनीच ती जिना उतरली.

"ट्रेमेन, ही रेकॉर्ड लाव. ड्रमच्या पुढचं लाव."

"कुठली गं?"

"आत्ता फिरतेय ती. माझ्या तोंडाकडे काय बघतोस? पुढे तुझा क्लिओफस आजोबा वाजवतोय."

ट्रेमेनने बटण दाबलं. ठेका थांबला. कोचावर पसरलेला त्याचा मित्र रशाद मात्र हसला. "चोराच्या मनात चांदणं, आजी! हा आधी रेकॉर्डींची लेबलं पाण्यात भिजवून काढतो, म्हणजे मला पण नाव कळू नये. मी काय पळवून नेणार होतो?"

"तू गप रे. ट्रेमेन, रेकॉर्ड कुठाय?"

"मोडली."

"पडली हातातून?"

"नाही. मीच मोडली." तो खाली बघत होता. "ठेका कुठून घेतला ते कळलं की दुसरा उचलतो, आजी. लोक आमचा कचरासुद्धा चाळतात. म्हणून तुकडे करून वेगवेगळ्या पिंपांत टाकले."

"पुढचं ऐकलंस तरी का?"

"ट्रंपेट होतं. त्याचं मला काम नव्हतं."

रशादचं हसू विरलं. अर्नेस्टीनच्या आईच्या घरात असं बोलणाऱ्याच्या कानाखाली आवाज निघाला असता.

तिने रेकॉर्डचं नाव सांगितलं आणि ट्रेमेनने पायाला भिंगरी लावली. दुकानं, चर्चमधले जुन्या वस्तूंचे बाजार, मेलेल्या माणसांच्या घरांची तळघरं. फिलाडेल्फियापर्यंत जाऊन आला. शेवटी हार्लेममधला एक म्हातारा दुकानदार नाव ऐकून त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे, आयुष्यात एकदाच आली होती ती माझ्याकडे. तूच तर घेऊन गेलास!"

तोवर ट्रेमेनचं त्या ठेक्यावरचं गाणं रेडिओवर आलं होतं. त्या उन्हाळ्यात खिडकी उघडावी तर प्रत्येक मोटारीतून तेच. ड्रम, दम, आणि परत ड्रम. लोक तिला रस्त्यात थांबवून म्हणायचे, नातवाने नाव काढलं हो. ती मान हलवायची.

एका रविवारी, चर्चहून आल्यावर, ट्रेमेनने तिला खाली नेलं, आपल्या खुर्चीवर बसवलं. "आजी, तू ते पुढचं नुसतं गुणगुण. चर्चमधला एकजण ट्रंपेट छान वाजवतो. त्याच्याकडून तस्संच वाजवून घेतो. तुला तर पाठच असेल."

पाठ होतंच. इतकी वर्षं भांडी घासताना, इस्त्री करताना ते तिच्या डोक्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजत आलं होतं. त्यासाठी तिला रेकॉर्ड कधी लागली नव्हती.

त्याने ठेका सुरू केला. तिने डोळे मिटले. ड्रम वाजला, क्लिओफसने दम भरला, तिने तोंड उघडलं, आणि तिच्या डोक्यातही ड्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तिने परत वाट पाहिली. दम. परत ड्रम. पुढे काहीच नव्हतं.

"आजी? गा ना."

"थांब जरा," ती डोळे न उघडता म्हणाली. "अजून आला नाही तो."