पाण्याला भ्यालेला ढिवर

लटारूभाऊ जातीचे ढिवर. बाप-आजे तलावात उभं राहून जाळं फेकत आले, आणि हे गृहस्थ आंघोळीच्या तांब्यालासुद्धा भ्यायचे. त्यांची बायको गोकुळाबाई आमच्याकडे मासळी घेऊन यायची. तिनं हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. ती मात्र हसली नाही.

"अफू खाते ना वो बाई. अफूवाल्याले पानी चावते."

कधीकाळी मोहफुलं वेचताना अस्वलानं त्यांची मांडी फाडली होती. जखम भरली, दुखणं राहिलं. कोणी तरी अफूची गोळी दिली, दुखणं निजलं, आणि मागोमाग माणूसही निजला. परवान्यावर मिळणारी अफू सरकार दर वर्षी कमी करत होतं, पुढं दुकानच बंद होणार असं बोललं जात होतं. पण लटारूभाऊ पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात आले ते त्या धाकानं नव्हे. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की गावचे सगळे ढिवर ओळीनं पाण्यात शिरून मोठं जाळं ओढतात. लटारूभाऊ ते कित्येक वर्षं पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसून बघत आले होते.

"एकडाव ओळीत उभं राहाचं आहे, डाक्टर साहेब," ते यांना म्हणाले. "पाळीवर बसल्या बसल्या नाई मराचं मले."

दवाखान्याचे डॉक्टर म्हणजे माझे यजमान. यांनी सांगितलं, एकदम सोडायची नाही. रोज कणभर कमी करायची, मांडी शेकायची, थोडं चालायचं. फार त्रास झाला तर कमी करणं थांबवायचं. थांबण्यात लाज नाही.

अफू घरी ठेवायला लटारूभाऊ तयार नव्हते. "घरी ठेवली त मीच खाऊन टाकीन." दवाखान्याच्या कपाटाची किल्ली यांच्याबरोबर दौऱ्यावर जायची. म्हणून अफूचा डबा आला आमच्या घरी, माझ्या ताब्यात.

माझी कुंदा तेव्हा नुकती रांगू लागली होती. दिसेल ते तोंडात. भाताच्या रोवणीला जाताना बाळाला निजवण्यासाठी अफूचं बोट चाटवणाऱ्या आया मी गावात पाहिल्या होत्या, आणि त्यातलं एखादं बाळ उठलंच नाही, हेही ऐकलं होतं. डबा सर्वांत वरच्या फळीवर पालथ्या पितळी गंजाखाली घातला, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. अफू मोजून झाली की राखेनं हात घासायचे, पुन्हा घासायचे, मग कुंदाला घ्यायचं. ती निजली की तिच्या नाकाशी बोट धरून बसायचं.

वजन काय वापरायचं ते लटारूभाऊंनीच ठरवलं. जाळं बुडावं म्हणून त्याच्या कडेला भाजलेल्या मातीच्या गोळ्या बांधतात, त्यातली एक लहानशी त्यांनी आणली; ती त्यांच्याच कनवटीला असायची. रोज सकाळी ती आमच्या पायरीच्या दगडावर एकदा घासायची, मग तागडीच्या एका पारड्यात ती आणि दुसऱ्यात तेवढी अफू.

"इच्या वजनानं जाळं खाली जाते," ते म्हणाले. "इले झिजवून पाहू, मी वर येतो का."

आणि माझ्या डोळ्यांदेखत ते वर येऊ लागले. आधी शिंका. मग डोळ्यांना पाणी, जांभया, भर चैत्रात अंगावर काटा. मी घाबरले. हे म्हणाले, "शरीर निजलं होतं, जागं होतंय." मी कुंदाकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघू लागले. एका सकाळी ते पायरीवर नाक वर करून थांबले.

"बाई, मोहरी टाकली का फोडनीत?"

"हो. का?"

"काई नाई. वास आला." आणि ते तसेच बसून राहिले, कोणी मोठा पाहुणा घरी आल्यासारखे.

तलावाची ओढणी, म्हणजे ते मोठं जाळं ओढायचा दिवस, जवळ आली. हे गोंडपिपरीला गेले होते. सकाळी अफू नेलेले लटारूभाऊ भर दुपारी परत आले, घामानं भिजलेले.

"बाई, दार लावा. आतून कडी घाला. मी आता मागीन. देऊ नोका."

मी कडी घातली. त्यांनी मागितली. आधी हळू, मग दारावर हात आपटून. "शिकली म्हने. दगड आहे, दगड." मग रडून, "माय, एवढीशी." माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला माय म्हणत होता. कुंदा माझ्या मानेला घट्ट धरून होती.

खिडकीच्या फटीतून पाहिलं. ते मांडी दाबून पायरीवर डोलत होते, आणि त्यांच्या बोटांच्या पेरांना तांबडा भुगा लागला होता. एकदा घासून एवढा भुगा निघत नाही. सकाळी गोळी त्यांनी मुठीतूनच पारड्यात टाकली होती.

"लटारूभाऊ, गोळी दाराखालून सरकवा."

बऱ्याच वेळानं ती आत आली. कालच्या निम्मी होती; म्हणजे सकाळची अफूही निम्मीच होती.

त्यांनी देऊ नका म्हटलं होतं. यांनी थांबण्यात लाज नाही म्हटलं होतं. आणि दाराबाहेर भान हरपलेला माणूस, आत माझी पोर. मी कुंदाला पाळण्यात ठेवलं आणि कडी काढली.

"काऊन उघडलं? सांगतलं होतं ना."

"घरी किती घासली?"

त्यांनी मान खाली घातली. "ओढनी आली ना जवळ. मासा काय माह्यासाठी थांबते?"

"मासा नाही थांबत. डॉक्टर थांबतील. कालच्यातली राहिलेली निम्मी घ्या, पुढचं पुढं."

मी डबा खाली काढला, उघडला, त्याच गोळीनं राहिलेली निम्मी मोजली. डबा त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. वास मलाही येत होता. एका झडपेत सगळी त्यांची झाली असती, आणि मी काहीही करू शकले नसते. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आधी डबा लावा," ते भिंतीला म्हणाले. "मंग माह्या हातावर ठेवा."

मी कितीतरी शूरांच्या गोष्टी वाचल्या आहेत. त्या पाठमोऱ्या माणसाइतका मोठा माणूस मला त्यांत भेटला नव्हता.

ओढणीच्या दिवशी ते थोडी अफू खाऊनच आले. ती सुटायला अजून अवकाश होता. मी कुंदाला घेऊन पाळीवर उभी होते. ओळ पाण्यात शिरली. लटारूभाऊ काठाशीच थांबले.

"लटारू, पानी तपवून आनू का?" वारलू नावाचा त्यांचा चुलतभाऊ ओरडला. सगळे हसले.

त्यांनी पाय टाकला. घोटा, गुडघा, मग मांडीवरचा तो पांढरा वण. अंगावर सरसरून उठलेला काटा मला पाळीवरून दिसला.

"थंडं आहे बे," ते वारलूला म्हणाले, आणि जाळ्याचा दोर हातात घेतला.

गोकुळाबाई माझ्या शेजारी उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आज रात्री लई दुखन त्याले," ती म्हणाली. "दुखू द्या. शेकून देईन."