बांग आणि टर्बो

वाळवंटाकाठच्या बिदिय्या गावात जहरानबाबांची सवय सगळ्यांना ठाऊक होती. गाडी चालवताना बांग कानावर आली, की गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन तत्क्षणी बंद करायचं. देवाचं नाव निघालेलं असताना आपलं यंत्र गुरगुरत ठेवणं त्यांच्या जिवाला मानवत नसे. जुन्या पिकअपनं त्याची कधी तक्रार केली नाही. बिनटर्बोचं, आपल्या श्वासापुरती हवा घेणारं साधं इंजिन ते. उंटांसाठी चारा लादून वाळूच्या टेकडीचा कडा चढताना पार धापा टाकी, पण बाबांना वाटेत सोडलं असं कधी झालं नाही.

मुलगा हारिब मस्कतला नोकरीला. बापाचे कष्ट वाचावेत म्हणून त्यानं तो पिकअप विकला आणि टर्बोवाली, इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारी नवी गाडी दारात आणून उभी केली. जुना न्यायला आले, तेव्हा बाबा त्याच्या बॉनेटवरून हात फिरवत राहिले. नवी मात्र कडा एका दमात चढली. शेजारचा खलफान म्हणाला, "जहरान, आता तुझे उंटसुद्धा लाजतील रे."

दुसऱ्याच उन्हाळ्यात गाडी निळा धूर ओकू लागली. टर्बो गेला होता. हारिब आला तो रागातच, आणि खलफानसमोरच बोलून गेला, "जुनीसारखी रगडली असणार तुम्ही. आता वय झालं बाबा, किल्ली द्या इकडे."

बाबांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि त्याच्यासाठी कॉफी ओतली.

गॅरेजवाल्या दादमोहम्मदनं टर्बो उघडून दाखवला. आतल्या तेलाचा कोळसा झाला होता.

"हे रगडल्यानं होत नाही," तो म्हणाला. "तापलेलं इंजिन झटक्यात बंद केलं, की तेल फिरायचं थांबतं आणि आतच जळतं. टर्बो वाईट नसतो भाऊ. कडा चढून-उतरून आलात, की थांबल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे तो निवतो. घेताना कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. हारिबनं फोन कानाला लावून मान डोलावली होती. आणि बाबा उंटांना चारा टाकून कडा उतरतात, नेमकी त्याच सुमाराला दुपार कलल्यावरची असरची बांग होते, हे तो लहानपणापासून बघत आला होता.

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं.

"म्हणजे मीच मारली तिला," बाबा म्हणाले.

"नाही बाबा. मी सांगितलं नाही तुम्हाला."

बाबांनी त्याच्यापुढे खजूर सरकवले. मग अगदी मायेनं म्हणाले, "सांगितलं असतंस, तर जुनीच राहू दे म्हटलं असतं रे मी."

जुना पिकअप आता सूर बंदरातल्या एका मासेवाल्याकडे होता. हारिब त्याच्या दारी गेला, आर्जवं केली. तो हसून म्हणाला, असली गाडी कुणी विकतं का?

टर्बो नवा बसला. हारिबनं किल्ली पुढे केली, तर बाबांनी त्याचीच मूठ मिटवली. आता एरवी चारा खलफान पोचवतो; हारिब सुट्टीला येतो तेव्हा तोच घेऊन जातो, बाबा शेजारी बसतात.

परवा कडा उतरून खाली आले आणि बांग सुरू झाली. हारिबनं गाडी थांबवली. हात किल्लीवर गेला आणि तिथंच थबकला. बाबांनी दार उघडलं, खाली उतरले आणि इंजिनाचा आवाज पोचणार नाही इतके दूर वाळूत चालत गेले. तिथं पाठमोरे, मान खाली घालून उभे राहिले.

हारिब टर्बो निवायची वाट बघत आत बसून राहिला. त्यानं किल्ली फिरवली आणि सगळं शांत झालं, तेव्हा बांग संपली होती.